माती आमचीच हवी

ग्लेड, १९ एप्रिल

फेन्या,

फोन करत नाही, कारण फोन स्वयंपाकघरात आहे आणि स्वयंपाकघरात तुझी आई आहे. पाकीट फाडून टाकायच्या आधी एवढं तरी वाच. मी तुला घरी ये म्हणत नाहीये, आईची माफी माग असंही म्हणत नाहीये. मला फक्त मातीबद्दल विचारायचंय.

हो, मातीबद्दल. हसू नकोस. तुला माहितीये, मी जन्मभर लाकडाच्या गिरणीत राबलो, बागेत मला तुझी आई पाऊलसुद्धा टाकू द्यायची नाही. "कुझ्या, तुझे बूट म्हणजे माझ्या गाजरांचा काळ," असं म्हणायची. त्यामुळे माती म्हणजे पायाखाली असते ती, यापलीकडे मला काही ठाऊक नाही. आणि आता गॉर्डनने मला चार रोपं आणून दिलीत. गॉर्डन म्हणजे वरच्या रस्त्याचा दाढीवाला, लढाईला जायचं नाही म्हणून सीमा ओलांडून आला होता तो. अजून जिवंत आहे आणि अजून तसाच अर्धं वाक्य बोलून थांबतो. रोपं कसली ते तू ओळखलंसच, गांजाची. तू त्या ओंटॅरिओच्या काचघरात चार वर्षं तीच वाढवतेस, म्हणून तर तुला लिहितोय. घरी चार झाडं लावायला आता कायद्याची ना नाही. माझ्या गुडघ्यासाठी हवीत. गुडघा फार दुखतो.

तर झालं असं. मी तुझ्या आईच्या कोबीच्या वाफ्यातली माती एका बादलीत भरली. काळीभोर, सुंदर माती. तीस वर्षं तिने तिला शेण आणि पाला खाऊ घातलाय. त्यात एक रोप लावलं, पाणी घातलं. पाणी वरच थांबलं! कपात चहा राहावा तसं. दुसऱ्या दिवशी बघतो तर माती विटेसारखी घट्ट, आणि रोप बिचारं मान टाकून बसलेलं. मला काही कळेना. हीच माती वाफ्यात असताना एवढाले कोबी देते, आणि बादलीत गेली की तिला काय होतं?

मग मी विचारत सुटलो आणि तिथेच चुकलो. गॉर्डन म्हणतो वटवाघळाची विष्ठा घाल. मी म्हटलं, वटवाघूळ कुठून आणू? तो म्हणाला, "हं, तोच तर..." आणि गप्प बसला. कासलगार गावातल्या दुकानातल्या मुलीने मला पिशव्यांची एक भिंतच दाखवली. ही रोपासाठी, ही वाढीसाठी, ही फुलांसाठी, ही हलकी, ही तिखट. माती तिखट कशी असते गं? मी तिला विचारलं तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी एक खुरपं विकत घेऊन बाहेर पडलो. आपल्याकडे खुरपी सहा आहेत.

जमिनीत लावून मोकळं व्हावं म्हटलं तर नदी ओलांडून बोटीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला ती दिसणार, आणि रस्त्यावरून दिसता कामा नयेत असा नियम आहे. शिवाय हरणं. तेव्हा बादल्याच, बान्याच्या मागे, त्या वाफेच्या न्हाणीघराच्या आडोशाला.

आणि एक अट आहे. माती आमचीच हवी. दुकानातली पिशवी चालणार नाही. का ते विचारू नकोस, फक्त आमच्या मातीचं काय करू ते सांग.

तुझा बाप,
कुझ्मा

ता. क. गुडघा ठणठणीत आहे. मी खोटं बोललो. पाकीट चिकटवलं होतं ते पुन्हा उघडून हे लिहितोय. तुझी आई जेवत नाही, फेन्या. हिवाळ्यात तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि आता केमो चालू आहे. तुला कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातली होती. ती मोडली. झाडं तिच्यासाठी आहेत.


ग्लेड, ८ मे

फेन्या पोरी,

तुझं पत्र आलं. वर तारीख नाही, 'प्रिय बाबा' नाही, खाली नाव नाही. आईबद्दल एक शब्द नाही. पण मातीवर अख्खं पान! मी ते ट्रकमध्ये बसून तीनदा वाचलं आणि मग बराच वेळ गाडी सुरूच करता येईना. असो.

तू लिहितेस, बागेची माती कुंडीत नुसती घालायची नाही, खाली जायला जागा नसते म्हणून ती दबते आणि मुळांचा श्वास कोंडतो. तिसरा हिस्सा आपली माती, तिसरा हिस्सा बर्चच्या झाडांखालचा जुना कुजलेला पाला, आणि बाकी नदीची जाडी वाळू, चांगली धुतलेली. ताजं शेण अजिबात नाही. बुडाला भोकं. हे सगळं समजलं. असं कुणी सरळ सांगितलंच नव्हतं मला.

पण पुढे तू लिहिलंस, "बागेच्या मातीत माश्यांची अंडी असतात, थोडी वाफवून घेतलीत तर बरं." बस, इथे माझा घोळ झाला.

आधी अटीचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दवाखान्यातल्या नर्सनेच सांगितलं की गांजाने काहींची भूक परत येते, डॉक्टरांनीही मान हलवली. मी लाजत लाजत दुकानातून एक डबी आणली. तुझ्या आईने ती हातात घेतली, चष्मा लावला, मागचं बारीक अक्षर वाचलं. तिथे लिहिलं होतं, ओंटॅरिओ. तिने डबी टेबलावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. संध्याकाळी म्हणाली, "कुणाच्या तरी हातचं, कुठल्या तरी कारखान्यातलं मी तोंडात घालणार नाही. माझ्या मातीत उगवलेलं असेल तर खाईन, नाहीतर नाही." आता यातलं कारखान्याचं किती आणि तुझं किती, हे मला विचारू नकोस. मला ते चार वर्षांत कळलेलं नाही. ज्या दिवशी तू नोकरीचं सांगितलंस आणि ती म्हणाली, "आपण दुखोबोर पंथाची माणसं दारू-तंबाखूला शिवत नाही आणि माझी पोर गांजाच्या कारखान्यात," त्या दिवसापासून मी दोघींच्या मधे उभा आहे आणि मला अजून कळत नाही कुणाकडे तोंड करू.

तर वाफवणं. मी विचार केला, वाफ कुठे असते? बान्यात असते. शनिवारी सकाळीच भट्टी पेटवली, दगड लाल केले, आणि मातीचे सगळे टोप नि बादल्या वरच्या बाकावर ओळीने मांडल्या, जिथे आपण बसतो तिथे. पाणी मारलं. काय वाफ झाली म्हणून सांगू! मी बाहेर बसून वाट बघत होतो. वास मात्र उग्र यायला लागला.

तुझी आई डिसेंबरपासून बान्यात गेलेली नाही, तिला गरमी सोसत नाही. पण खिडकीतून धूर दिसला. शाल गुंडाळून, काठी टेकत आली. मी म्हटलं, "मलाशा, आत जाऊ नकोस, आत..." आणि दाराशी हात आडवा धरला. तिला वाटलं आत कुणीतरी बाई आहे. खरंच! या वयात! तिने दार उघडलं. आत बाकावर माती बसलेली, घाम गाळत.

फेन्या, ती हसली. दाराला धरून, पोट धरून, टाक्यांची जागा ओढली जातेय म्हणून कण्हत कण्हत हसली. "अरे कुझ्या, अरे मेल्या," म्हणाली, "तिची पाठ कोण चोळणार?" मी तिला हसताना किती महिन्यांनी बघितलं. मीही हसलो आणि मग मला रडायला आलं, मग ती ओरडली.

नंतर तिने बादलीत हात घातला आणि म्हणाली, "भाजलीस तू हिला. एवढा जाळ नसतो करायचा. ही अक्कल कुणी दिली?"

तुझं नाव घेता येईना. माझ्या तोंडून निघालं, "बोटीवरच्या माणसाने."

"कुठल्या?"

"नवीन आलाय. सालमोकडचा. त्याला यातलं कळतं."

आता मी काय करू ते सांग.

बाबा


ग्लेड, २ जून

फेन्या,

तू लिहितेस, "तिला सांगून टाका." तुला सोपं आहे, तू हजारो मैलांवर आहेस.

आणि सांगू तरी कशाला? इथे भलतंच चालू झालंय. तुझी आई आता रोज बाहेर येते. मी बान्याच्या मागे तिची खुर्ची ठेवलीये, त्यावर उशी, पायावर गोधडी, आणि ती तिथून हुकूम सोडते. भाजलेली माती तिने फेकायला लावली. नवी काढायला लावली, गाजराच्या वाफ्यातली, कारण कोबीच्या वाफ्यातली म्हणे या पोरांसाठी जड. मी बर्चखालून पाला आणला तर वरचा कोरडा परत पाठवला. "खालचा आण, जो हातात घेतला की पाला होता हे आठवत नाही, तो." नदीची वाळू मी चाळली, धुतली, पुन्हा धुतली. मग तिने स्वतः कालवलं. हातात मूठभर घेऊन दाबायची, बोटाने टोचायची, फुटलं की मान हलवायची, नाही फुटलं की माझ्याकडे बघायची. गुन्हा माझाच.

मी तुझं एकेक वाक्य बोटीवरच्या माणसाच्या तोंडी घालतो. ती त्याच्याशी भांडते. तू लिहिलंस की पहिले काही आठवडे रोपांना काही खायला घालू नका. ती म्हणते, "म्हणजे पाहुण्याला उपाशी ठेवायचं? सांग त्याला, आमच्यात अशी पद्धत नाही." तू लिहिलंस, रोज पाणी नको, कुंडी उचलून बघा, हलकी लागली तरच द्या. त्यावर तिने शेजारची कुंडी हाताने जोखून बघितली. मग म्हणाली, "हे बरोबर आहे. कुणाचा रे हा? बापाचं नाव काय?" मी म्हटलं, "विचारलं नाही." "पन्नास वर्षं माझ्याबरोबर राहून तुला माणसाला बापाचं नाव विचारता येत नाही?"

शिवाय तिने मला तळघरात पाठवलं आणि मागच्या वर्षीच्या काकड्यांची बरणी वर आणायला लावली, शेपूवाली, तुला आवडायची ती. "त्याला दे. फुकट शहाणपण घेऊ नये." मी बरणी घेऊन बोटीवर गेलो आणि परत आलो. बोटीवर नेहमीचा बिल होता, साखळी लावणारा, त्याला काय सांगणार? ट्रकमध्ये बसून मी त्या काकड्या खाल्ल्या. सगळ्या. दुसऱ्या आठवड्यात दुसरी बरणी. देवा, फेन्या, ती बाई वाळत चाललीये, स्वतः चमचाभर बोर्श सूप तोंडात घेऊन थुंकते, आणि मी तिच्या काकड्या खाऊन फुगतोय. मला माझीच लाज वाटते. पण फेकून कशा देऊ?

आता मुद्दा. काल तिने राख आणायला लावली. बान्याच्या भट्टीतली, बर्चच्या लाकडाची, पांढरी, मऊ. आपल्या आयाबायांनी प्रत्येक वाफ्यात हीच घातली, कोबी, लसूण, सगळं यावरच वाढलं. प्रत्येक कुंडीत तिने दोन दोन ओंजळी कालवल्या. तिच्या तोंडावर एवढं समाधान होतं की मी गप्प बसलो. राख चालते ना? तुझ्या पत्रात राखेचं काही नव्हतं.

लवकर लिही.

बाबा


ग्लेड, ६ जुलै

फेन्या,

राख चालत नाही. कळलं. तुझं पत्र यायच्या आधीच झाडांनी सांगितलं.

पानं पिवळी पडली. तीही विचित्र, शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी. तुझी आई म्हणाली, भूक लागलीये त्यांना, आणखी राख घाल. घातली. आणखी पिवळी. एक झाड गेलं. गॉर्डन आला, बघितलं, म्हणाला, "ही माती म्हणजे..." आणि निघून गेला. मी त्याच्या मागे धावलो तरी वाक्य पुरं केलं नाही त्याने.

मग तुझं पत्र. राखेने मातीचा आंबटपणा मरतो आणि जेवण समोर असूनही झाडाला ते उचलता येत नाही. हे मी दोनदा वाचलं. जेवण समोर असून उचलता येत नाही! घरात दुसरं काय चाललंय? मी दिवसातून पाच वेळा तिच्यासमोर वाटी ठेवतो आणि पाच वेळा उचलतो.

आणि खाली तू पहिल्यांदाच विचारलंस, "ती काय खाते?" ऐक तर. सकाळी कोमट पाण्यात बुडवलेला पावाचा तुकडा. कधी बटाट्याचं पाणी. परवा चेरीचे दोन दाणे. तिच्या स्कर्टला मी दोनदा टाके घातले, माझ्या हातचे, वाकडे. प्रार्थनेच्या सभेला जात नाही, कारण उभं राहवत नाही आणि बसून गाणं तिला पटत नाही. वजन लिहीत नाही, तुला झोप लागणार नाही.

पण आधी राखेची लढाई. मी घरी जाऊन म्हटलं, "मलाशा, राख काढायला हवी. नवी माती, राखेशिवाय. सीडरच्या झाडाखालची काळी आंबट माती थोडी घालून." ती खुर्चीत ताठ झाली. "माझ्या आईने राख घातली. तिच्या आईने घातली. आणि ती म्हणते राख नको?" मी म्हटलं, "वाफ्यात चालते गं, कुंडीत ती जाणार कुठे?" तेही तुझंच वाक्य. ती मला म्हणाली, "तू गिरणीवाला, तू मला राख शिकवतोस?" आणि आत गेली, दार आपटलं. दार आपटण्याएवढा जोर आला कुठून, देव जाणे. मला तर बरंच वाटलं.

दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी कुंड्यांना हात लावला नाही, कारण अट तिची, माती तिची. तिसऱ्या दिवशी सकाळी बाहेर गेलो तर ती खाली बसलेली, जमिनीवर, गोधडीवर, आणि उरलेली तिन्ही झाडं एकेक करून उपटून मुळं झटकत होती. हळूच, बाळाचं डोकं धरावं तशी. म्हणाली, "उद्धट आहे तुझा बोटीवरचा. पण माती कळते. सीडरखालचं आण, बघत काय उभा राहिलास?"

तिन्हींतलं एक त्या उपटण्यात गेलं. दोन राहिली. आज त्यांना नवं पान आहे, हिरवं.

पोरी, माझं डोकं चालेनासं झालंय. ती तुझं ऐकते, पण तुझं म्हणून नाही. तू तिला सांगतेस, पण तिला नाही. मी मधे दोरीसारखा. यातून काय चांगलं होतंय की वाईट, मला खरंच कळत नाही.

बाबा


ग्लेड, २९ ऑगस्ट

फेन्या,

घात झाला. आता ऐक आणि मला सांग की याचा अर्थ काय.

झाडं छान आहेत. दोन्ही माझ्या छातीएवढी, फुलं धरताहेत, वास बान्याच्या दारापर्यंत येतो. तू सांगितल्याप्रमाणे कुंडी उचलून बघतो, आता उचलवत नाही म्हणून कलती करून बघतो. तुझी आई त्यांच्याजवळ बसते. खात मात्र अजून तेवढंच.

मंगळवारी तिला दवाखान्यात न्यायचं होतं. एरवी मी काळजी घेतो. बोटीवर चढायच्या आधीच सांगून टाकतो, "आज त्याची सुट्टी आहे हं." दर वेळी सुट्टी. या वेळी विसरलो. ट्रक बोटीवर लावला, आणि बिल साखळी लावायला आला, आणि तुझ्या आईने खिडकीची काच खाली केली.

"काय रे," ती म्हणाली, "काकड्या कशा होत्या?"

"कसल्या काकड्या, मावशी?" बिल म्हणाला.

मी समोर नदीकडे बघत राहिलो. ती त्याला म्हणाली, "तुमच्यात सालमोचा कुणी नवीन आहे का?" तो म्हणाला, "नाही बुवा. आम्ही तिघे जुनेच." तिने "बरं" म्हटलं आणि काच वर केली.

फेन्या, नदी ओलांडायला केवढा वेळ लागतो तुला माहितीये, चार गोष्टीसुद्धा होत नाहीत. मला ती नदी समुद्राएवढी वाटली. मी वाट बघतोय, आता बोलेल, आता बोलेल. पलीकडे उतरलो, कासलगार गेलं, पूल गेला, दवाखाना आला. एक शब्द नाही! सुई लावून घेतली, पडून राहिली, मी शेजारी. शेवटी मीच म्हटलं, "मलाशा, रागावलीस?" तिने डोळे न उघडता विचारलं, "फुलं आल्यावर पाणी कमी करायचं का, ते विचारलंस?"

कुणाला विचारू असं तिचं म्हणणं आहे? ते तिने सांगितलं नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही. रात्रभर तळमळलो. तिला कळलं असेल तर ती ओरडत का नाही? कळलं नसेल तर मी कुणाला विचारलं असं तिला वाटतंय? आपल्या घरात ओरडणं म्हणजे सगळं ठीक, हे तुला मी सांगायला नको. ही शांतता मला कळत नाही.

तर सांग, फुलं आल्यावर पाणी कमी करायचं का?

बाबा


ग्लेड, ११ ऑक्टोबर

फेन्या,

हे मी लिहितेय, तुझी आई. तुझा बाप बाहेर लाकडं फोडतोय आणि त्याला वाटतंय मी झोपलेय.

पाणी थोडं कमी केलं. तू लिहिलंस तेवढंच. झाडं कापली, बान्याच्या ओसरीत उलटी टांगून वाळवली, खिडकी थोडी उघडी ठेवून. बुरशी लागली नाही. तुला वाटलं असेल म्हातारा सगळं बिघडवेल, पण नाही बिघडवलं.

तू त्याला काही बोलू नकोस. त्याने लपवायचा प्रयत्न केला, पण त्याला लपवता कधी आलंय? बोटीवर सगळे बाप्येच, आणि हा राखेवरून माझ्याशी भांडताना चांगला म्हणाला, "मलाशा, ती म्हणते राख काढ." ती! त्याला कळलंसुद्धा नाही तो काय बोलला. मीही "ती" म्हटलं, मुद्दाम, बघावं म्हणून, तेही कळलं नाही. मग आत जाऊन दार आपटलं, कारण मला रडू आलं आणि ते त्याला दिसायला नको होतं. त्याने तुला लिहिलं असेल की मी चिडले. चिडले होतेच. राखेवरून. राखेचं तुझं बरोबर होतं, मी दोन दिवस विचार केला आणि मला दुसरं काही सापडलं नाही.

पण खरं सांगायचं तर मला त्याच्याही आधी कळलं होतं. कुंडी उचलून बघा असं कोण सांगतं? जो रोज हाताने झाडं वाढवतो तो. आपल्या घरातलं असं एकच माणूस बाहेर आहे. मी गप्प राहिले, कारण कबूल केलं असतं तर मला तुझ्याशी काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि काय बोलू ते मला माहीत नव्हतं. भांडता मात्र येत होतं. चार वर्षं मी तुझ्याशी भांडले नव्हते, फेन्या. तू पानभर लिहायचीस, मी त्याच्याकडून बोलायचे, तू उत्तर द्यायचीस. मी सकाळी उठून वाट बघायचे, आज पोरगी काय म्हणते. मला वाटायचं, हिला बरंच कळतं की. कारखान्यात काम करते म्हणून मी तिला घराबाहेर काढलं आणि तिला मुळं कळतात. मी तेव्हा फार कठोर बोलले. मला ते परत घेता येत नाही, मोठ्याने तर मुळीच येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

आणि काकड्या तुझ्यासाठी होत्या. मला वाटलं, बाप आहे, पाठवेल पार्सलने. त्याने खाल्ल्या! दोन्ही बरण्या! रिकाम्या ट्रकमध्येच सापडल्या मला. बोटीवर बिलला विचारलं ते एवढ्याचसाठी, याचं तोंड बघायला. तू बघायला हवं होतंस. तो ट्रकचं स्टेअरिंग धरून असा बसला होता की जणू बोट तोच चालवतोय. दवाखान्यात मला डोळे मिटून घ्यावे लागले, हसू येत होतं म्हणून.

आता जेवणाचं. ते वाळलेलं तुझ्या बापाने लोण्यात शिजवलं, नर्सने सांगितलं तसं, अगदी किंचित. घर सबंध दिवस त्या वासाने भरलं. शेजारची नास्त्या पिक्टिन दूध द्यायला आली आणि नाक वर करून विचारलं, "काय गं, काय शिजतंय?" मी म्हटलं, "माझ्या मातीतलं आहे, हवंय का?" ती दाराशीच थांबली. उद्यापर्यंत सगळ्या ग्लेडला कळलेलं असेल. कळू दे. मी त्यांना सांगेन की माझ्या पोरीने शिकवलं.

चव घाण आहे. खोकल्याच्या औषधात गवत घातल्यासारखी. पण संध्याकाळी मला शेवयांच्या लाप्शाचा वास आला आणि पोट आवळलं नाही. तुझा बाप वाटी घेऊन उभा होता. मी अर्धी वाटी खाल्ली. मग म्हटलं, आणखी दे. तो बिचारा वाटी तिथेच टाकून बाहेर पळाला, ओसरीत जाऊन नाक शिंकरत बसला. मला स्वतःच उठून वाढून घ्यावं लागलं. शेवया जास्त शिजल्या होत्या, मीठ कमी होतं.

डॉक्टर काय म्हणाले ते त्याला सांगितलेलं नाही. तुला सांगते, तू माझ्यासारखी आहेस, तू सोसशील. आजार गेलेला नाही. हिवाळा निघेल म्हणतात, वसंताचं कुणी बोलत नाही. खाल्लं तर अंगात थोडा जोर राहील, एवढंच त्यांचं म्हणणं आहे.

मला भूक लागली म्हणून मी ती दुसरी वाटी घेतली असं तुझ्या बापाला वाटतंय. त्याला तसंच वाटू दे. मी ती घेतली, कारण तू बोटीतून उतरशील तेव्हा मला अंथरुणात पडलेली दिसायचं नाहीये. मला दारात उभं राहायचंय.

ये. तोवर मी खात राहते.

आई